गुपिताची किंमत

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. त्या निर्णयाचा पुनर्विचार व्हावा म्हणून केलेल्या याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या आणि हा प्रश्न संसदेच्या व सरकारच्या दारात येऊन उभा राहिला. तेव्हापासून एक सवाल मोठ्या शहाजोगपणाने विचारला जातो. तुरुंगाची भीती २०१८ सालीच गेली. चार भिंतींच्या आत कोणी कोणावर प्रेम करावे हे आता सरकार विचारीत नाही. मग या लोकांना आणखी हवे तरी काय? असे विचारणारे सगळेच दुष्ट आहेत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांतले पुष्कळजण स्वतःला उदार समजतात. गुपचूप राहा आणि सुखाने राहा, एवढाच त्यांचा उपदेश असतो.

आमचे म्हणणे असे आहे की, हा उपदेश ज्याच्याजवळ पैसा आणि स्वतःची खोली आहे त्यालाच परवडतो. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, त्याला तो परवडत नाही. आणि जेथे एक बडा आणि एक गरीब अशा दोघांची मने जुळतात, तेथे तर हा उपदेश दोघांचाही घात करतो. कारण दोन असमान माणसांमधले गुपित हे केवळ गुपित राहत नाही, ते शस्त्र बनते. एरवी ते बलवानाच्या हातात असते, संकटाच्या क्षणी ते दुबळ्याच्या हातात जाते, आणि पोलीस व खंडणीखोर या तिसऱ्याला तर ते नेहमीच उपयोगी पडते. ज्या इंग्लंडने आपल्या गळ्यात हा कायदा बांधला, त्या देशाचा इतिहासच याची साक्ष देतो.

१९५४ सालच्या मार्च महिन्यात विंचेस्टर येथे एक खटला चालला. आरोपी तिघे होते: लॉर्ड मॉण्टेग्यू (आपल्या परिचयाचे भारतमंत्री मॉण्टेग्यू ते हे नव्हेत), त्यांचे नातलग मायकेल पिट-रिव्हर्स आणि ‘डेली मेल’ या वृत्तपत्राचे राजनैतिक बातमीदार पीटर वाइल्डब्लड. त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास उभे राहिले हवाई दलातील दोन साधे जवान. यांपैकी एका जवानावर वाइल्डब्लड यांचे मन जडले होते. त्यांनी त्याला लिहिलेली प्रेमपत्रे त्याच्या सामानात सापडली आणि भर न्यायालयात वाचली गेली. त्या जवानांना माफीचे साक्षीदार करून सोडण्यात आले. लॉर्ड मॉण्टेग्यू यांना बारा महिन्यांची आणि उरलेल्या दोघांना अठरा महिन्यांची कैद झाली.

येथे कोणी म्हणेल की, या प्रकरणात तर बडे लोक तुरुंगात गेले आणि गरीब सुटले. वरवर पाहता तसेच दिसते. परंतु त्या जवानांपुढे मार्ग तरी कोणता होता? ज्याच्याशी ओळख झाली, ज्याच्याबरोबर सुट्टीचे दिवस घालवले, त्याच्याविरुद्ध बोलावे किंवा स्वतः गजाआड जावे, याखेरीज तिसरी वाट पोलिसांनी त्यांना ठेवली नव्हती. एका माणसाच्या प्रेमाचा दुसऱ्याच्या तोंडून पुरावा काढणे, हाच त्या कायद्याचा व्यवहार होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या मंडळींनी आपल्याहून खालच्या थरातल्या माणसांशी सलगी का केली, हा प्रश्न सरकारी वकिलाने पुनःपुन्हा पुढे आणला. लॉर्डाच्या पंगतीला साधा शिपाई बसला, यातच काही काळेबेरे असले पाहिजे, असा त्याचा रोख होता. म्हणजे दोन पुरुषांचे प्रेम हा एक अपराध, आणि वर्गाची पायरी ओलांडणे हा त्याचा पुरावा!

हा रोख त्या वकिलाने नव्याने शोधून काढला नव्हता. १८९५ साली ऑस्कर वाइल्ड यांच्या प्रकरणात बॅरिस्टर कार्सन यांनी हाच डाव टाकला होता. तुमच्याबरोबर जेवायला बसलेला तरुण कोणाचा तरी हुजऱ्या आहे आणि त्याचा भाऊ मोतद्दार आहे, हे तुम्हाला ठाऊक होते काय, असे त्यांनी वाइल्ड यांना विचारले. माणूस मला आवडला तर त्याचा सामाजिक दर्जा मी पाहत नाही, अशा आशयाचे उत्तर वाइल्ड यांनी दिले. त्या उत्तराने ज्यूरीवर काय परिणाम झाला असेल ते सांगायला नको. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांना दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. ज्या १८८५ सालच्या कायद्याखाली ती झाली, त्याला इंग्लंडातले लोक खंडणीखोरांची सनद म्हणू लागले होते. ते नाव सार्थ होते, कारण वाइल्ड यांच्या एका पत्राच्या जोरावर त्यांच्याकडून पैसे उकळण्याचा प्रयत्न खटल्यापूर्वीच होऊन गेला होता.

या सगळ्या भीतीचा साहित्यातला सर्वांत प्रामाणिक जबाब ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहून ठेवला आहे. ‘मॉरिस’ ही त्यांची कादंबरी १९१३-१४ साली लिहून झाली. छापली गेली मात्र १९७१ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. लंडनचा एक शेअर दलाल आणि एका जमीनदाराच्या रानाचा राखणदार यांच्या प्रेमाची ही कथा आहे. मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंट यांनी निर्मिलेल्या १९८७ च्या चित्रपटामुळे ती पुष्कळांना परिचित आहे. तीत एक प्रसंग असा आहे की, ज्याच्यावर प्रेम केले तोच राखणदार त्या शेअर दलालाला बदनामीची धमकी देतो. फॉर्स्टर यांनी त्याला खलपुरुष ठरवले नाही. ज्याला कोणतेही वचन मिळालेले नाही, ज्याच्या पत्राला उत्तर येत नाही, ज्याला उद्या ओळख नाकारली जाण्याचे भय आहे, त्याच्या हाती धमकीखेरीज दुसरे काय उरते, हे त्यांनी ओळखले. आणि तरीही त्यांनी त्या दोघांना सुखाचा शेवट दिला. शेवट सुखाचा, म्हणूनच पुस्तक छापणे अशक्य! नायकांना फासावर लटकवले असते तर प्रकाशनाचा मार्ग कदाचित सोपा झाला असता.

ज्या घरी त्यांना या कथेचे बीज सापडले, त्या घराचा आपल्याशीही दूरचा धागा आहे. एडवर्ड कार्पेंटर हे केंब्रिजचे विद्वान आणि समाजवादी विचारवंत १८९०-९१ साली सिंहलद्वीप व हिंदुस्थानात येऊन गेले. या प्रवासावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात आपल्या घारापुरीचा उल्लेख आहे. येथून परतल्यावर त्यांची गाठ जॉर्ज मेरिल या शेफील्डच्या गरीब वस्तीत वाढलेल्या कामगाराशी पडली. १८९८ पासून मेरिल यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे १९२८ पर्यंत, ते दोघे एका घरात राहिले. वाइल्ड यांना शिक्षा होऊन तीन वर्षेही पुरती उलटली नव्हती, तेव्हा एक सरदार घराण्यात शोभणारा पंडित आणि एक मजूर यांनी उघड संसार थाटला, हे धैर्य सामान्य नव्हे. मात्र घर कार्पेंटर यांचे होते, पैसा त्यांचा होता आणि नावही त्यांचे होते. मेरिल त्या घरात राहत होते ते कार्पेंटर यांच्या चांगुलपणावर. कार्पेंटर चांगले निघाले, हे मेरिल यांचे भाग्य. कायद्याने त्यांना काहीही दिले नव्हते.

मालक चांगला नसेल, किंवा चांगल्या माणसालाही मालकीची नशा चढली, तर काय होते? याचे उत्तर पुन्हा फॉर्स्टर यांच्याच हातचे आहे, आणि ते एका मराठी संस्थानात घडलेले आहे. १९२१ साली ते देवास थोरल्या पातीचे महाराज, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. आपल्या मनाचा कल त्यांनी महाराजांजवळ उघड केला. महाराजांनी त्यांना दोष न देता राजवाड्यातल्या एका न्हाव्याशी संबंध जुळवून दिला. पुढे या गोष्टीची वाच्यता झाली, तेव्हा फॉर्स्टर यांनी त्या न्हाव्याच्या मुस्कटात मारली. नंतरही संबंध चालू राहिला; पण त्या माणसाला कसलाच हक्क नाही आणि आपल्याला जाब विचारणारा कोणी नाही, या जाणिवेने आपल्या मनात क्रौर्य उतरले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. १९५३ साली देवासच्या आठवणींचे पुस्तक निघाले त्यात हा भाग नव्हता. तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. ‘मॉरिस’ लिहिणारा लेखक आणि देवासचा हा साहेब एकच होता. त्याचे हृदय बदलले नव्हते, परिस्थिती बदलली होती. समोरच्या माणसाला हक्क नसला की प्रेमळ माणसाचाही जुलमी होण्यास वेळ लागत नाही, हा धडा त्या चार ओळींत आहे. त्या न्हाव्याला या प्रकरणाविषयी काय वाटले, हे मात्र कोणीच लिहून ठेवले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. १८६० साली इंग्रजांनी भारतीय दंडविधान केले आणि १ जानेवारी १८६२ पासून ते अमलात आले. त्यातले कलम ३७७ सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच संहितेतली कलमे ३८८ आणि ३८९ फार थोड्यांनी वाचली असतील. गुन्ह्याचा आरोप करण्याची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्याला शिक्षा सांगताना, तो आरोप कलम ३७७ खालचा असेल तर जन्मठेपही देता येईल, अशी खास तरतूद तेथे होती. याचा अर्थ सरळ आहे. आपण केलेल्या कायद्याच्या सावलीत खंडणीखोरांचा बाजार भरणार, हे कायदा करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. आग लावायची आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायची, असा हा प्रकार! आणि ती बादली तरी कोणाच्या उपयोगाची? धमकीची तक्रार करायला पोलीस ठाण्यात जायचे, तर आधी आपणच गुन्हेगार असल्याचे सांगावे लागणार.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी या कलमाचा फास सैल केला, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा आवळला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो तोडून टाकला. त्या निकालाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण त्यामागचा एक तपशील नजरेआड करता येत नाही. ज्यांच्या नावाने तो खटला गाजला, ते अर्जदार नर्तक, पत्रकार, उपाहारगृहाच्या मालकीण, हॉटेल-व्यावसायिक असे प्रतिष्ठित होते. त्यांच्या धैर्याला आम्ही कमी लेखत नाही. परंतु त्याच कलमाच्या धाकाने २००१ साली लखनौत एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या आरिफ जाफर यांना ४७ दिवस तुरुंगात काढावे लागले होते. कायद्याचा बडगा एका थरावर पडतो आणि त्याविरुद्धचा आवाज ऐकू येण्यास मात्र दुसऱ्या थराची प्रतिष्ठा लागते, हे आपल्या समाजाचे जुने दुखणे आहे.

२०१८ च्या निकालाने खाजगीपणाचे रक्षण केले. फार चांगले झाले. पण खाजगीपणा ही वस्तू मुंबईत किती लोकांच्या घरी आहे? चाळीतल्या एका खोलीत आईबाप, भावंडे आणि भावजय राहतात. झोपडपट्टीत पातळ पत्र्यापलीकडचे बोलणे ऐकू येते. खानावळीच्या खाटेवर झोपणाऱ्या कामगाराला आणि मालकाच्या गॅरेजवरच्या माळ्यात राहणाऱ्या ड्रायव्हरला चार भिंती कोठून आणायच्या? अशा माणसाचे ज्याच्यावर प्रेम असेल त्याच्याजवळ फ्लॅट असेल, तर भिंती त्याच्या, किल्ली त्याची आणि दार केव्हा उघडायचे हा निर्णयही त्याचा. शेजाऱ्यांना सांगायचे ते ‘आमच्याकडे कामाला आहे’ किंवा ‘गावाकडचा ओळखीचा आहे’. असे वीस वर्षे सांगत राहिले तरी कागदावर त्या माणसाचे नाते शून्यच राहते.

या शून्याची किंमत मृत्यूच्या दिवशी कळते. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. त्यात मृत्युपत्राविना मरणाऱ्याच्या दूरदूरच्या चुलत्या-मावश्यांच्या शाखांना स्थान आहे, पण जन्मभर सोबत करणाऱ्या अशा जोडीदाराला नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याजवळ राहणाऱ्या ‘कुटुंबातील व्यक्तीला’ खोलीचा हक्क दिला. परंतु हा सोबती कुटुंबातला, हे सिद्ध कसे करायचे? भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेने ज्याला कुटुंब आहे त्याने कुटुंबाबाहेरच्या माणसाला वारस नेमू नये असा दंडक घातला, आणि कुटुंबाच्या व्याख्येत बायकोमुले व अवलंबून असलेले आईबाप बसवले. सुशिक्षित आणि सधन माणूस वकील गाठून मृत्युपत्र करील, खात्यावर दुसरे नाव घालील. मोलमजुरी करणारा हे कोठून करणार? आणि दोघांतला श्रीमंत जर ‘पुढे बघू’ म्हणत निघून गेला, तर गरिबाला त्याच्या भावाबहिणींनी दुसऱ्याच दिवशी दाराबाहेर काढले तरी त्याला विचारणारे कोणी नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०२४ मध्ये समिती नेमली गेली. त्याच वर्षी अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडता येईल, शिधापत्रिकेसाठी त्यांना एक कुटुंब मानावे, निकटचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदारास मृतदेह ताब्यात घेता यावा, अशा सूचना निघाल्या. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विवाह हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे स्पष्ट सांगितले. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. खिडकीवरच्या कारकुनापुढे गरीब माणसाने परिपत्रकाचा हवाला दिला तर त्याला काय उत्तर मिळते, याचा अनुभव वाचकांपैकी ज्याने कधी सरकारी कचेरीची पायरी चढली आहे त्या प्रत्येकाला असेल.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मालक आणि नोकर, साहेब आणि शिपाई यांच्यातले असले संबंध प्रेमाचे नसतात, ते शोषणाचे असतात, असे पुष्कळ सज्जनांना वाटते. काही वेळा ते खरे असते. देवासची हकीकत आम्ही त्यासाठीच सांगितली. पण मग न्यायाची मागणी कोणती होते? स्त्री-पुरुषांच्या संबंधात शोषण होते म्हणून आपण विवाह बंद केले नाहीत. पत्नीला पोटगी दिली, वारसा दिला, तक्रार करण्याचा अधिकार दिला. आंतरजातीय विवाहांत असमानता असते म्हणून आपण ते लपवायला सांगितले नाहीत. १९५४ सालचा विशेष विवाह कायदा करून त्यांची नोंद सरकारी दप्तरात केली. जातीच्या भिंती मोडणाऱ्या दोघांना उजेडात उभे राहण्याचा जो आधार दिला, तोच वर्गाच्या भिंती मोडणाऱ्या या दोघांना नाकारायचा, यात तर्क कोणता? शोषणावरचा इलाज म्हणजे दुबळ्याच्या हातात हक्क देणे. त्याच्या तोंडावर गुपिताचे फडके बांधणे हा इलाज नव्हे, तो शोषणाचाच बंदोबस्त आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, कोणत्याही दोन प्रौढ व्यक्तींना आपल्या सहजीवनाची नोंद करता यावी, असा कायदा संसदेने करावा. त्याला विवाह म्हणायचे की आणखी काही, यावर हवा तेवढा काळ वाद चालू द्या. पण राहत्या खोलीचा, भविष्यनिर्वाह निधीचा, इस्पितळात जवळ बसण्याचा, वारशाचा आणि ताटातूट झाल्यास पोटगीचा हक्क त्या नोंदीबरोबर मिळाला पाहिजे. यांतला पोटगीचा हक्क गरीब जोडीदाराला सर्वांत मोलाचा आहे. दुसरी, जबरदस्तीपासून पुरुषालाही संरक्षण हवे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली तेव्हा कलम ३७७ समूळ गळाले आणि बलात्काराची व्याख्या मात्र स्त्रीपुरतीच राहिली. संमतीचे प्रेम मोकळे झाले हे योग्य. पण मालकाच्या बळजबरीला बळी पडणाऱ्या पोऱ्याने किंवा मदतनीसाने कोणते कलम दाखवावे, याची सोय संहितेने केली नाही. ही पोकळी भरलीच पाहिजे. तिसरी, बदनामीच्या धमकीने पैसे उकळण्याची तक्रार घेऊन कोणी पोलीस ठाण्यात आला, तर त्याचे नाव गुप्त ठेवणे पोलिसांवर बंधनकारक असावे. ज्याच्यावर धमकीची वेळ आली, त्याच्या घरी हवालदार पाठवणे म्हणजे खंडणीखोराचे काम सरकारनेच फुकट करून देणे होय.

इंग्लंडने १९५४ च्या त्या खटल्यानंतर काही महिन्यांतच वुल्फेंडन समिती नेमली. तुरुंगातून सुटलेले वाइल्डब्लड स्वतः तिच्यापुढे साक्ष देऊन आले. १९५७ साली समितीचा अहवाल आला, आणि १९६७ साली, तब्बल दहा वर्षांनी, कायदा बदलला. त्या दहा वर्षांत किती पत्रे जाळली गेली आणि किती माणसे एकमेकांची ओळख नाकारून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेली, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. आपल्या समितीने तरी ज्यांना वकील परवडतो त्यांच्याबरोबर, ज्यांना तिच्या दारापर्यंत येण्याचे भाडेही परवडत नाही त्यांचेही ऐकावे. सहजीवनाचा कागद श्रीमंताला सोय म्हणून हवा असेल. गरिबाला तो रात्रीचे छप्पर म्हणून हवा आहे. संसदेने हा फरक ओळखून कायदा करावा, आणि तो करण्यास आणखी एक पिढी खर्ची घालू नये.